ओरडा न खाता मिळालेले उपचार: एका मधुमेह दवाखान्याचा अनुभव

आमच्या जिल्ह्याच्या गावी असलेल्या एका मधुमेहतज्ज्ञांच्या दवाखान्यात गेले दीड वर्ष मी माझ्या आईला घेऊन जात आहे. त्याआधी तीन वर्षे तिच्यावर त्याच शहरातल्या दुसऱ्या एका तज्ज्ञांचे उपचार चालू होते. दोघांच्या पदव्या सारख्या, दोघांचाही अनुभव वीस वर्षांहून अधिक, आणि दोघांनी लिहून दिलेल्या औषधांतही सुरुवातीला फारसा फरक नव्हता. तरीही एका ठिकाणी आईची साखर वर्षभर चढत राहिली आणि दुसऱ्या ठिकाणी ती उतरली. याचे मोठे कारण डॉक्टरांच्या बोलण्यावागण्यात आहे असे माझे मत झाले आहे, आणि ते कशावरून झाले हे नीट सांगता यावे म्हणून हा अभिप्राय जरा विस्ताराने लिहीत आहे. दोन्ही दवाखान्यांची नावे मी देत नाही. आपली बाजू मांडायला पहिले डॉक्टर येथे हजर नाहीत, आणि एकाचे नाव लिहून दुसऱ्याचे झाकले तरी आमच्या एवढ्याशा शहरात ते लगेच ओळखू येईल.

आई सदुसष्ट वर्षांची आहे. तिला २०११ मध्ये टाइप २ मधुमेह असल्याचे कळले. ती रोज वर्तमानपत्र वाचते, घरचा हिशेब स्वतः ठेवते आणि महिन्याच्या दोन्ही एकादश्या न चुकता करते. हा शेवटचा तपशील या साऱ्या प्रकरणात किती महत्त्वाचा ठरणार आहे, याची मला तेव्हा कल्पना नव्हती.

पहिल्या डॉक्टरांचे ज्ञान मी कधीही कमी लेखणार नाही. एकदा रात्री अकराच्या सुमारास आईला धाप लागली असता ते स्वतः दवाखान्यात आले, छातीत संसर्ग झाल्याचे त्यांनी तपासताक्षणी ओळखले आणि पहाटेपर्यंत दोनदा येऊन पाहून गेले. त्या रात्रीचे ऋण आम्ही मानतो. मात्र त्यांच्या रोजच्या ओपीडीतले वागणे वेगळे होते. रिपोर्ट हातात घेतल्यावर त्यांचे पहिले वाक्य बहुधा माझ्याकडे पाहून येई: "यांना सांगा, असं चालणार नाही." आई शेजारच्याच खुर्चीवर बसलेली असे. तिने काही बोलायला तोंड उघडले की त्यांचे लिहिणे सुरू झालेले असे, आणि "गोड बंद, भात बंद, चालायला जा" या तीन सूचनांबरोबर कागद आमच्या हाती पडे. साखर वाढलेली दिसली तर पुढचे वाक्य ठरलेले होते: "ऐकलं नाहीत तर इन्सुलिन सुरू करावं लागेल." आईने या वाक्याचा अर्थ असा घेतला की इन्सुलिन ही न ऐकणाऱ्यांना होणारी शिक्षा आहे, आणि ते सुरू झाले म्हणजे आपला शेवट जवळ आला.

खरे तर टाइप २ मधुमेहात स्वादुपिंडातील बीटा पेशींची इन्सुलिन तयार करण्याची ताकद वर्षागणिक घटत जाते. दहाबारा वर्षांनी बाहेरून इन्सुलिन द्यावे लागले तर तो पुष्कळदा आजाराच्या स्वाभाविक वाटचालीचा भाग असतो. त्यात रुग्णाचा अपराध असतोच असे नाही. ही गोष्ट दोन वाक्यांत सांगता येते. ती तीन वर्षांत एकदाही कोणी सांगितली नाही, आणि तिच्या जागी एक धमकी मात्र दर तीन महिन्यांनी मिळत राहिली.

आता आषाढी एकादशीचा प्रसंग. आईला सकाळी ग्लिमेपिराइड नावाची गोळी चालू होती. ही गोळी स्वादुपिंडाला जास्त इन्सुलिन सोडायला लावते. त्यामुळे ती घेऊन नीट खाल्ले नाही तर रक्तातली साखर धोक्याच्या पातळीखाली जाऊ शकते. गोळी चुकवली तर डॉक्टर ओरडतील म्हणून आईने ती घेतली, आणि साबुदाणा खाल्ला तर साखर वाढेल व डॉक्टर ओरडतील म्हणून दिवसभर बिनसाखरेच्या चहावर आणि चार शेंगदाण्यांवर काढला. दुपारी तिला दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले आणि समोरच्या माणसाला ती ओळखेनाशी झाली. शेजारच्या मुलाने घरातल्या यंत्रावर साखर मोजली, ती ५२ भरली. ७० च्या खाली गेली की ताबडतोब साखर द्यायची असते हे त्याला ठाऊक होते म्हणून बरे. साखरेचे पाणी पाजल्यावर पंधरावीस मिनिटांत ती सावरली.

पुढच्या भेटीत हे डॉक्टरांना सांगू नकोस, असे आईने मला बजावले होते. मी सांगितले. त्यावर ते म्हणाले, "उपासच करायचे असतील तर माझ्याकडे येऊ नका." त्यांची काळजी खरी होती, हे आज मला कळते, कारण साखर उतरून बेशुद्ध पडलेले रुग्ण त्यांनी पाहिलेले असणार. पण त्या वाक्यानंतर आईने काय केले ते पाहा. तिने उपास सोडले नाहीत. तिने डॉक्टरांना काहीही सांगणे सोडले. ग्लिमेपिराइडची तिला इतकी धास्ती बसली की ती गोळी तिने गुपचूप बंद करून टाकली. मेडिकलमधून आणलेल्या पाकिटांवर ती नेमाने तारखा घालत असे आणि गोळ्या फराळाच्या जुन्या डब्यात साठवत असे. साखर अर्थातच वाढली. तीन महिन्यांच्या सरासरीची तपासणी, जिला एचबीए१सी म्हणतात, ती ८.४ वरून ९.६ वर गेली. डॉक्टरांच्या समोर असलेल्या कागदानुसार रुग्ण दोन औषधे पूर्ण मात्रेत घेत होती आणि तरी साखर आटोक्यात नव्हती, म्हणून त्यांनी तिसरे औषध वाढवले. कागदावरच्या माहितीवरून हा निर्णय अगदी बरोबर होता. फक्त ती माहितीच खोटी होती, आणि तिला खोटे बोलण्याखेरीज दुसरी वाट दिसू नये अशी परिस्थिती त्याच खोलीत तयार झाली होती.

तो डबा मला दिवाळीच्या आधी सापडला. त्यात त्र्याहत्तर गोळ्या होत्या. मी रागावले, आणि रागावता रागावताच माझ्या लक्षात आले की मीही नेमके तेच करत आहे.

त्यानंतर एका मैत्रिणीच्या सांगण्यावरून आम्ही या दुसऱ्या दवाखान्यात गेलो. बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर, तीन खोल्यांचा साधा दवाखाना आहे. लिफ्ट नाही आणि जिन्याच्या पायऱ्या उंच आहेत, गुडघेदुखीच्या रुग्णांना हा जिना जड जातो. पहिल्या भेटीचे शुल्क सातशे रुपये आहे आणि नंतरच्या भेटींचे चारशे.

डॉक्टरांनी आईला स्वतः खुर्ची पुढे ओढून दिली आणि रिपोर्टची फाइल बाजूला ठेवून विचारले, "काकू, या आजारात तुम्हाला सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो?" आई बराच वेळ गप्प राहिली. मी मध्ये बोलू लागले तेव्हा त्यांनी मला हातानेच थांबवले. मग आई म्हणाली, "चुकलं की बोलणी खावी लागतात, त्याचा." पायांची आग, डोळ्यांपुढची धूसरता, रात्री चारचारदा उठावे लागणे, हे सारे तिला होते आणि ते तिने नंतर सांगितलेही. परंतु पहिले उत्तर हे होते.

यानंतरचा प्रश्न मला फार शहाणपणाचा वाटला. "गोळ्या घेतल्या का?" असे त्यांनी विचारले नाही. ते म्हणाले, "रोजच्या रोज सगळ्या गोळ्या घेणं कुणालाच जमत नाही. तुमच्या आठवड्यातून किती चुकतात?" पहिल्या प्रकारच्या प्रश्नाला होय याखेरीज दुसरे उत्तर देता येत नाही. दुसऱ्या प्रकारात चुकणे आधीच मान्य केलेले असते, राहतो तो केवळ हिशेब, आणि हिशेब ठेवणे हा तर आईचा स्वभाव. तिने ग्लिमेपिराइडची सगळी हकीकत सांगून टाकली, डब्यासकट. डॉक्टरांनी ते सारे लिहून घेतले आणि म्हणाले, "बरं झालं सांगितलंत. नाहीतर मी आज चौथी गोळी लिहिली असती."

त्या दिवशी आम्ही आत पंचवीस मिनिटे होतो. आईने या आधी कधीच न सांगितलेली आणखी एक गोष्ट तेव्हा कळली: चालताना पायातून चप्पल निसटली तरी तिला समजत नाही. त्यांनी तिला पलंगावर बसवून स्वतः खाली स्टुलावर बसून दोन्ही तळपाय पाहिले, बोटांच्या बेचक्या पाहिल्या, आणि नायलॉनच्या बारीक तंतूने जागोजागी स्पर्श करून डोळे मिटलेल्या आईला विचारत राहिले. डाव्या पायाच्या अंगठ्याला स्पर्श कळत नव्हता. अशा पायाला खडा टोचला तरी उमगत नाही आणि साध्या जखमेचे रूपांतर पुढे पाय गमावण्यात होऊ शकते. चपलेची ही तक्रार दीड वर्ष जुनी होती. "मग तिथे का नाही सांगितलंस?" असे मी विचारले तेव्हा आई म्हणाली, "बोलायला सवडच मिळायची नाही."

हे वाक्य अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी १९८४ मध्ये मोजूनच ठेवले आहे. त्यांनी डॉक्टर आणि रुग्ण यांची संभाषणे ध्वनिमुद्रित करून तपासली, तेव्हा रुग्ण आपली तक्रार सांगू लागल्यापासून सरासरी १८ सेकंदांत डॉक्टर त्याला मध्येच तोडतात असे आढळले. आपल्याकडच्या गर्दीचा विचार केला तर दोष एकट्या डॉक्टरांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. २०१७ मध्ये ६७ देशांची माहिती एकत्र करून झालेल्या एका अभ्यासात प्राथमिक सेवा देणाऱ्या डॉक्टरांच्या भेटीचा सरासरी वेळ स्वीडनमध्ये २२ मिनिटांहून जास्त, तर भारतात सुमारे दोन मिनिटे दिसला, आणि बांगलादेशात तर ४८ सेकंद. पहिल्या डॉक्टरांच्या दारात रोज साठसत्तर माणसे बसलेली असत. तरीही सगळा दोष वेळेवर ढकलणे मला पटत नाही, कारण या दवाखान्यातल्या आमच्या पुढच्या बहुतेक भेटी सातआठ मिनिटांतच आटोपल्या आहेत. एकदा मोकळेपणाने बोलायची सवय लागली की रुग्णाला सांगायला फार वेळ लागत नाही, आणि "सात दिवसांत दोन चुकल्या" एवढे सांगायला तर पाच सेकंद पुरतात.

उपासाबाबत त्यांनी जे केले त्याची माहिती विशेषतः आपल्याकडच्या वाचकांना उपयोगी पडेल. उपास सोडा असे ते म्हणाले नाहीत. उपासाला काय काय खाता, किती वाजता खाता, किती वाट्या खाता, असे त्यांनी विचारले. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट असल्याने त्याने साखर झपाट्याने चढते, हे समजावून त्यांनी खिचडीऐवजी मोजून एक वाटी भगर, सोबत ताक आणि शेंगदाण्याची आमटी, आणि संध्याकाळी राजगिऱ्याची भाकरी असा दिवस आखून दिला. ग्लिमेपिराइडची रोजची मात्रा निम्मी केली, एकादशीच्या सकाळी ती मुळीच घ्यायची नाही असे ठरवून दिले, दुपारी एकदा साखर मोजायला सांगितली आणि ७० च्या खाली आकडा दिसला तर तत्क्षणी साखर खाऊन उपास मोडायचा, असे आईकडून कबूल करून घेतले. "विठोबा रागावणार नाही, त्याची हमी मी देतो," असे ते म्हणाले तेव्हा आई कितीतरी दिवसांनी दवाखान्यात हसली. ही आखणी तिच्या औषधांपुरती होती, इतरांनी ती जशीच्या तशी उचलू नये.

तिसरे औषध त्यांनी काढून टाकले. म्हणजे आधीच्यापेक्षा कमी गोळ्या होत्या, फक्त आता त्या खरोखर पोटात जात होत्या. तीन महिन्यांनी ९.६ चे ८.५ झाले. तरी ते पुरेसे नव्हते आणि इन्सुलिनचा विषय निघालाच. या वेळी तो असा निघाला: "काकू, तुम्ही सगळं नीट केलंत. तुमचं स्वादुपिंड बारा वर्षं राबून थकलंय, त्याला आता बाहेरून हात द्यायचा." मग सिस्टरांनी इन्सुलिनच्या पेनाची चार मिलिमीटरची सुई आईच्या हातात दिली आणि औषधाशिवायच तिला स्वतःच्या पोटावर टोचून पाहायला सांगितले. सुई आत गेल्यावरही आई विचारत होती, "कधी टोचायची?" त्या रात्रीपासून दहा युनिट सुरू झाले. पुढच्या सहा महिन्यांत सरासरी ७.३ वर आली.

एका घरातल्या अनुभवावरून नियम काढू नये, हे मला मान्य आहे. आईने याच काळात संध्याकाळी चालायलाही सुरुवात केली होती आणि इन्सुलिनचा वाटा तर उघडच आहे. परंतु अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात झालेला आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आमच्या अनुभवाच्या अगदी जवळचा आहे. त्यात २९ कुटुंबवैद्यांची सहानुभूती प्रश्नावलीने मोजली होती आणि त्यांच्या ८९१ मधुमेही रुग्णांचे रिपोर्ट पाहिले होते. सहानुभूतीचे गुण जास्त असलेल्या डॉक्टरांच्या रुग्णांपैकी ५६ टक्क्यांची साखर चांगली आटोक्यात होती, कमी गुण असलेल्यांच्या रुग्णांपैकी ४० टक्क्यांची. असा संबंध दिसला म्हणून सहानुभूतीनेच साखर उतरली असे सिद्ध होत नाही, कारण जे डॉक्टर माणसाशी नीट वागतात ते इतर कामातही काटेकोर असतील. मला मात्र त्या आकड्यांमागे फराळाचा एक डबा दिसतो. मधुमेहाचा डॉक्टर वर्षातून चार वेळा भेटतो, उरलेले सगळे दिवस उपचार रुग्णच करत असतो, आणि त्या दिवसांत काय घडले याची खरी बातमी डॉक्टरांना पोचवणारा रस्ता एकच आहे. तो भीतीने बंद झाला तर उत्तमातले उत्तम ज्ञान अंधारात चालवावे लागते. आपल्या एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात २०१९ पासून वृत्ती, नीती आणि संवाद यांचे शिक्षण रीतसर समाविष्ट झाले आहे. आमचे दोन्ही डॉक्टर त्याच्या फार आधी शिकून बाहेर पडलेले आहेत.

या दवाखान्याच्या उणिवाही सांगायला हव्यात. वेळ घेऊन गेलो तरी दीड तास थांबावे लागते, एकदा तर पावणेतीन तास बसलो होतो, आणि इन्सुलिन घेणाऱ्या माणसाला जेवणाच्या वेळी असे ताटकळत ठेवणे योग्य नाही. एकेका रुग्णाला वेळ द्यायचा तर नंबर तितकेच घ्यावेत. काउंटरवरच्या मदतनिसांचे बोलणे तुटक आहे. "अजून नंबर आहे, बसा" याहून जास्त माहिती तेथून मिळत नाही आणि डॉक्टरांचा स्वभाव त्या टेबलापर्यंत पोचलेला नाही. दवाखान्याचा फोन दुपारी कोणी उचलत नाही.

याहून गंभीर तक्रार खुद्द डॉक्टरांबद्दल आहे. गेल्या वर्षी आईच्या लघवीतल्या अल्ब्युमिन या प्रथिनाची तपासणी झाली. रिपोर्ट पाहून ते म्हणाले, "थोडंसं वर आहे, बघू आपण," आणि एक गोळी वाढवून विषय संपवला. घरी आल्यावर मी कागद नीट वाचला तेव्हा ३० च्या आत असायला हवा तो आकडा ८६ होता. मूत्रपिंडावर परिणाम सुरू झाल्याची ही खूण असते. आई घाबरेल म्हणून त्यांनी शब्द सौम्य वापरले असतील, परंतु सौम्य बोलणे आणि अर्धे सांगणे यांत अंतर आहे. आपल्याला आजाराची खबर आहे असे समजून आम्ही तीन महिने काढले आणि त्या काळात ती गुडघ्यासाठी दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या खात होती, ज्या अशा मूत्रपिंडाला घातक ठरू शकतात. पुढच्या भेटीत मी हे स्पष्टपणे बोलून दाखवले. त्यांनी ते ऐकून घेतले, "हे मी तेव्हाच सांगायला हवं होतं," असे म्हणाले, आणि मूत्रपिंडाचे काम, रक्तदाबाची मर्यादा व टाळायच्या गोळ्यांची नावे आईला कागदावर लिहून दिली, मोठ्या अक्षरात, मराठीत. चूक कबूल करणारे डॉक्टर मी आयुष्यात फार पाहिले नाहीत. तरी ती चूक होती आणि माझ्या अभिप्रायात तिची नोंद राहील. नव्याने जाणाऱ्यांनी प्रत्येक रिपोर्टमधला आकडा, त्याची मर्यादा आणि त्याचा अर्थ, या तिन्ही गोष्टी आवर्जून विचाराव्यात. विचारल्यावर ते टाळत नाहीत.

ज्यांना झटपट कागद हवा आहे त्यांना हा दवाखाना मानवणार नाही. ज्यांच्या घरी गोळ्या लपवणारे, रिपोर्टच्या आधी चार दिवस कडक पथ्य करणारे किंवा डॉक्टरांचे नाव काढताच रक्तदाब वाढणारे कोणी असेल, त्यांनी जिना चढून एकदा जरूर जावे, आणि जाताना सोबत जेवणाचा डबा न्यावा.

गेल्या आठवड्यात आमची तपासणी होती. आई आता साखरेची वही ठेवते, शंभर पानी, डाव्या बाजूला तारीख आणि उजवीकडे आकडा. डॉक्टरांनी मागण्यापूर्वीच तिने ती उघडून त्यांच्यापुढे सरकवली आणि एका ओळीवर बोट ठेवले. कार्तिकी एकादशी, दुपारी तीन, २३८. खाली तिच्याच अक्षरात लाल शाईने लिहिले होते: साबुदाण्याची खिचडी, दीड वाटी, वहिनींनी फार आग्रह केला.